लीगचं नाव एक, खेळ भलतेच

भारतात १९९६ पासून २००७ पर्यंत एनएफएल खेळली जायची. नॅशनल फुटबॉल लीग. पहिल्या मोसमात पंजाबच्या जेसीटीनं बाजी मारली, आणि २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं विजेतेपद महाराष्ट्रात आणलं. त्याच वर्षांत अमेरिकेतही एनएफएल जोरात चालू होती. नाव अगदी तेच, नॅशनल फुटबॉल लीग. तिथला चेंडू लांबोळका, तो हातात धरून पळायचं, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यावर जाडजूड पॅड. ती लीग १९२० ची आणि हे नाव तिनं घेतलं १९२२ साली. दोन देश, दोन निराळे खेळ, दोन्हींना फुटबॉलच म्हणायचं आणि लीगचं नावही एकच. कुणी कुणाचं नाव चोरलं नव्हतं. 'राष्ट्रीय', 'फुटबॉल' आणि 'लीग' हे तीन साधे शब्द शेजारी ठेवले की हेच नाव तयार होतं. २००७ मध्ये आपल्याकडची लीग आय-लीग झाली, तेव्हा कुठे हा योगायोग संपला.

मी परभणीत पोरापोरींना कबड्डी शिकवतो. सराव संपला की लेकरं मोबाईल काढतात आणि प्रश्न सुरू होतात. "सर, बीपीएल चालू झाली का?" आता यातली बीपीएल कोणती, हे मला आधी विचारावं लागतं. बांगलादेश प्रीमियर लीग म्हणजे २०१२ साली सुरू झालेली तिथली ट्वेंटी-ट्वेंटी क्रिकेट स्पर्धा. पण त्याच देशातल्या फुटबॉलच्या सर्वोच्च लीगचं नावही बरीच वर्षं बांगलादेश प्रीमियर लीग हेच होतं. देश तोच, राजधानी तीच, नाव तेच, फक्त खेळ वेगळा. इंग्लंडच्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगमागे बार्कलेज बँकेचं नाव होतं, तेव्हा २०१६ पर्यंत तिलाही लोक बीपीएल म्हणायचे. आमच्या एका पोरानं क्रिकेटसाठी म्हणून मोबाईलवर बीपीएलची सूचना लावली, आणि रात्री त्याला ढाक्याच्या फुटबॉल सामन्यांचे गोल येऊ लागले. त्यानं ॲप बिघडलं म्हणून काढून टाकलं. ॲपचं काहीच चुकलं नव्हतं.

केपीएल म्हटलं तर कर्नाटकाचं क्रिकेट, केरळचं फुटबॉल आणि केनियाचं फुटबॉल. पीएसएल म्हणजे पाकिस्तान सुपर लीगचं क्रिकेट, आणि दक्षिण आफ्रिकेत प्रीमियर सॉकर लीगचं फुटबॉल. सीपीएल कॅरेबियन बेटांवर क्रिकेट आहे, कॅनडात फुटबॉल. एमपीएल आपल्याकडे २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगचं क्रिकेट. पण मिझोराममध्ये २०१२ पासून त्याच अक्षरांवर फुटबॉल चालतं, आणि मोबाईलवरच्या खेळांचं एक ॲपही याच अक्षरांनी ओळखलं जातं. काही काळ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर तीच तीन अक्षरं होती, तेव्हा किती जणांना ती एखादी स्पर्धाच वाटली होती.

हा घोळ का होतो, हे एकदा नीट कळलं की पुढे कुठलंही नाव समोर आलं तरी माणूस गोंधळत नाही. आणि माझ्या मते हे नुसतं सामान्यज्ञान नाही. नाव बघून पैसे भरणारे पालक मी पाहिलेत. तिथपर्यंत शेवटी येतोच, आधी मूळ गोष्ट.

नावातून खेळ कुठे गेला?

बहुतेक लीगच्या नावात दोनच गोष्टी असतात: जागा आणि पायरी. जागा म्हणजे देश किंवा राज्य. पायरी म्हणजे 'प्रीमियर', 'सुपर', 'फर्स्ट', 'ए' असं काहीतरी, जे ही लीग सगळ्यात वरची आहे एवढंच सांगतं. खेळाचं नाव अनेकदा नसतंच. कारण ज्यांनी नाव ठेवलं, त्यांना ते सांगायची गरज वाटली नाही. प्रत्येक खेळाची संघटना स्वतंत्र, तिची बैठक स्वतंत्र, तिचे क्लब स्वतंत्र. व्हॉलीबॉलच्या बैठकीत 'वरची लीग' म्हटलं की व्हॉलीबॉलचीच. मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक शहरात शिवाजी चौक आहे. लातुरात राहणारा माणूस लातुरातल्या माणसाला 'शिवाजी चौकात ये' म्हणतो, तेव्हा गावाचं नाव घेत नाही. गोंधळ होतो तो बाहेरून आलेल्याचा. लीगच्या नावांचं अगदी हेच झालंय. टीव्ही आणि मोबाईलमुळे आपण सगळे एकाच वेळी पन्नास संघटनांच्या अंगणात उभे आहोत.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते जर्मनीत. बुंडेसलिगा म्हटलं की आपल्याला बायर्न म्युनिक आठवतं. फुटबॉलची ही लीग १९६३ मध्ये १६ संघांनिशी सुरू झाली. त्याआधी जर्मनीत वेगवेगळ्या प्रदेशांच्या लीग असायच्या आणि त्यांचे विजेते शेवटी एकमेकांशी खेळून देशाचा विजेता ठरायचा. म्हणजे आपल्याकडे विभागीय स्पर्धेतून राज्य अजिंक्यपदाला जातात, तशीच रचना. जर्मनी हे अनेक राज्यांचं मिळून बनलेलं संघराज्य, आणि 'बुंडेस' हा शब्द तिथे संघराज्याच्या पातळीवरच्या सगळ्याच गोष्टींना लागतो. संसदेला लागतो, तसा लीगलाही. तेव्हा ज्या ज्या खेळानं प्रदेशांच्या वर एक देशपातळीची लीग उभी केली, त्या त्या खेळाची बुंडेसलिगा झाली. हँडबॉलची आहे, बास्केटबॉलची आहे, व्हॉलीबॉलची आहे. टेबल टेनिसची आहे, आणि आपला शरथ कमल तिच्यात खेळलाय. बुद्धिबळाची १९८० पासून आहे. तिथे एका संघाचे आठ खेळाडू आठ पटांवर बसतात, आणि विश्वनाथन आनंद बाडेन-बाडेनच्या संघाकडून खेळायचा. आणि कुस्तीचीही बुंडेसलिगा आहे! हे मी आमच्या भागातल्या एका जुन्या वस्तादांना सांगितलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या लातूर जिल्ह्यात आयुष्य घालवलेला माणूस. कुस्ती म्हणजे जत्रेतला फड, एकाशी एक लढत, वरून इनाम. क्लबचा संघ करून, वजनगटानुसार एकामागून एक मल्ल उतरवून, गुण जोडून लीगचा सामना लावायचा, ही कल्पनाच त्यांना नवी होती. त्यांनी विचारलं, "मग हरलेल्या पैलवानाचा गाव जिंकू शकतो?" हो, जिंकू शकतो. लीग म्हणजे तेच.

जर्मन माणूस यातून मार्ग कसा काढतो? सोपा. नुसतं बुंडेसलिगा म्हटलं तर फुटबॉल. बाकी सगळ्यांना खेळाचं नाव आधी जोडायचं. ऑस्ट्रियातल्या फुटबॉल लीगचंही नाव बुंडेसलिगाच आहे, तिथे देशाचं नाव जोडायचं.

जो खेळ सगळ्यात मोठा, त्याला आडनाव लागत नाही, बाकीच्यांना लागतं. हा नियम जगभर दिसतो, आणि मला तो बोचतो. पुरुषांच्या आयपीएलच्या नावात 'पुरुष' कुठेच नाही, पण २०२३ मध्ये महिलांची लीग आली तेव्हा 'विमेन्स' हा शब्द नावात आलाच. इंग्लंडच्या फुटबॉलमध्येही तेच. आमच्या मैदानावर मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी नाही. त्यातली एक मला विचारत होती की मुलांच्या संघापुढे 'मुलांचा' असं का लिहीत नाहीत. तेव्हापासून मी फळ्यावर दोन्हीकडे लिहितो.

नाव वरचं, पायरी खालची

सारखं नाव म्हणजे सारखी पायरी, असं धरून चालायची सोय नाही. स्वीडनचं उदाहरण बघा. तिथे फुटबॉलच्या सर्वोच्च लीगला अल्स्वेन्स्कान म्हणतात, १९२४ पासून. आईस हॉकीतही त्याच नावाची लीग आहे, पुढे हॉकी हा शब्द जोडलेला. पण ती दुसऱ्या पायरीवरची. तिच्या वर आणखी एक लीग आहे. हँडबॉलमध्येही अल्स्वेन्स्कान दुसऱ्याच पायरीवर. म्हणजे एकाच देशात तेच नाव एका खेळात शिखर आहे, आणि दुसऱ्या खेळात शिखराच्या खालचा टप्पा.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तर नावंच पायऱ्या उतरली. १८८८ मध्ये १२ क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली. पुढे दुसरा विभाग जोडला गेला आणि वरच्याला फर्स्ट डिव्हिजन म्हणू लागले. १९९२ मध्ये वरचे क्लब बाहेर पडले, त्यांनी प्रीमियर लीग केली, आणि फर्स्ट डिव्हिजन हे नाव आपोआप दुसऱ्या पायरीला गेलं. २००४ मध्ये दुसऱ्या पायरीला चॅम्पियनशिप म्हणायचं ठरलं आणि तिसरीला लीग वन. नावात 'वन', जागा तिसरी. आणि नॅशनल लीग? ऐकायला किती मोठं. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ती पाचव्या पायरीवर आहे. स्वित्झर्लंडच्या आईस हॉकीत मात्र नॅशनल लीग सर्वोच्च, आणि अमेरिकेच्या बेसबॉलमधली १८७६ साली सुरू झालेली नॅशनल लीग आज सर्वोच्च दर्जाच्या दोन लीगपैकी एक. 'राष्ट्रीय' हा शब्द दिसला की छाती भरून येते, पण तो शब्द दर्जाची हमी देत नाही.

इटली आणि ब्राझीलची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. सेरी ए, मग बी, मग सी. अक्षर वाचलं की पायरी कळली. खेळ तेवढा विचारावा लागतो, कारण इटलीत बास्केटबॉलची वरची लीगही सेरी ए आणि महिला फुटबॉलचीही सेरी ए.

एकच शब्द, दोन निराळ्या रचना

सगळ्यात मोठा फरक मात्र नावात कधीच दिसत नाही, आणि याच्यावर थोडं थांबायला हवं.

इंग्लंडची प्रीमियर लीग १९९२ मध्ये निघाली ती मुख्यतः टीव्हीच्या पैशासाठी. वरच्या क्लबांना वाटत होतं की प्रक्षेपणाचा पैसा खालच्या सत्तर क्लबांत वाटला जातोय, तो आपल्याकडे जास्त यावा. ते वेगळे झाले. पण खालच्या पायऱ्यांशी असलेला जिना त्यांनी तोडला नाही. आजही २० पैकी शेवटचे ३ संघ दरवर्षी खाली जातात, खालून ३ वर येतात. छोट्या गावातला क्लब, निदान नियमानं, चढत चढत वरपर्यंत पोचू शकतो.

२००८ मध्ये आयपीएल आली. 'प्रीमियर लीग' हे शब्द इंग्लंडचे, पण आतली रचना अमेरिकन. संघ म्हणजे मालकानं बोली लावून घेतलेली फ्रँचायझी. शेवटच्या नंबरवर आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच लीगमध्ये. खाली दुसरी लीग नाही, वर चढून येणारा संघ नाही. लातूर किंवा नांदेडचा एखादा क्लब कितीही जिंकला तरी आयपीएलमध्ये जाऊ शकत नाही. खेळाडू जाऊ शकतो. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर १९ वर्षांखालील विश्वचषक खेळून २०२२ मध्ये चेन्नईच्या संघात गेला, तो असाच, एकटा, लिलावातून. त्याच्या मागून त्याचा क्लब गेला नाही.

यातली कुठली रचना चांगली, यावर लोक हिरिरीनं भांडतात. माझं मत विचाराल तर जिना असलेली रचना गावाला आशा देते आणि बंद दाराची रचना खेळाडूला पैसा देते. आपल्या भागाला दोन्हींची गरज आहे, पण आजवर मिळालंय ते दुसरंच. कबड्डीतही तसंच झालं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि मातीतल्या खेळाडूला पहिल्यांदा मानधनाचे आकडे दिसले. माझ्या मैदानावरच्या गर्दीचं निम्मं श्रेय मी त्या लीगला देतो. पण आमचा क्लब त्या लीगच्या खालच्या कुठल्याच पायरीवर नाही, कारण पायरीच नाही.

हा फरक किती जिव्हाळ्याचा आहे ते २०२१ मध्ये युरोपात दिसलं. १८ एप्रिलच्या रात्री १२ बड्या क्लबांनी सुपर लीग काढत असल्याचं जाहीर केलं. संस्थापक क्लबांची जागा कायमची, ते खाली जाणारच नाहीत, अशी योजना. लोक रस्त्यावर उतरले. दोनच दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले आणि सगळा डोलारा कोसळला. विरोध सुपर लीग या नावाला नव्हता. त्या नावाच्या लीग तर स्वित्झर्लंडमध्ये आहेत, ग्रीसमध्ये आहेत, चीनमध्ये आहेत, इंग्लंडमध्ये १९९६ पासून रग्बीची आहे. आपली इंडियन सुपर लीग २०१४ पासून आहे, आणि ती सुरुवातीची बरीच वर्षं बंद दाराचीच होती, तरी इथे तसे मोर्चे निघाले नाहीत, कारण आपल्याकडचा जिना इंग्लंडइतका जुना आणि रुजलेला नव्हता.

अक्षरं कुणाच्या मालकीची?

एक रास्त प्रश्न नेहमी येतो: मग कुणी कोर्टात का जात नाही? 'प्रीमियर लीग' हे नाव एकानं नोंदवून टाकलं की संपलं की.

भारतात १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आहे. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग केलेत. खेळ आणि करमणूक ४१ व्या वर्गात येतात. म्हणजे क्रिकेट, खो-खो, बुद्धिबळ सगळे कायद्यासाठी एकाच वर्गात. तरीही घोळ चालतो, कारण कायद्याचं कलम ९ सांगतं की एखाद्या सेवेचा प्रकार, दर्जा किंवा ठिकाण एवढंच सांगणारे शब्द सहसा कुणाच्या एकट्याच्या नावावर करता येत नाहीत. 'इंडियन' हे ठिकाण, 'प्रीमियर' हा दर्जा, 'लीग' हा प्रकार. हां, वर्षानुवर्षांच्या वापरानं एखादं नाव लोकांच्या मनात एकाच संस्थेशी घट्ट जोडलं गेलं असेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. पण तेही अख्ख्या नावाला. कलम १७ प्रमाणे, अख्खं नाव नोंदवलं म्हणून त्यातला प्रत्येक सुटा शब्द तुमचा होत नाही. त्यामुळे संपूर्ण नाव आणि बोधचिन्ह उचललं तर अडचण येते. 'प्रीमियर लीग' हे दोन शब्द घेऊन पुढे आपल्या गावाचं नाव लावलं तर सहसा येत नाही. म्हणून तर आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा, ज्या पूर्वी सरपंच चषक आणि आमदार चषक होत्या, त्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या प्रीमियर लीग झाल्या. त्यात वाईट काही नाही. रात्रीच्या दिव्यांखाली, सारख्या टी-शर्टात, लिलावात 'विकलं गेलेलं' पोरगं त्या आठवड्यात राजा असतं.

अक्षरांवरून खरी ओढाताण झाली ती व्हॉलीबॉलमध्ये. २०१९ मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग झाली, राष्ट्रीय संघटना आणि एक आयोजक कंपनी यांच्या करारातून. पहिल्याच मोसमानंतर करार तुटला, वाद कोर्टात गेला. २०२२ मध्ये कंपनीच्या पुढाकारानं नवी लीग आली: प्राइम व्हॉलीबॉल लीग. 'प्रो' जाऊन 'प्राइम' आलं आणि पीव्हीएल ही अक्षरं तशीच राहिली. प्रेक्षकाला वाटावं की तीच लीग पुढे चाललीय. पण एकीच्या पाठीशी राष्ट्रीय संघटना होती आणि दुसरी तिच्याविना उभी राहिली.

पीएचएलचंही असंच. २००५ ते २००८ मध्ये पीएचएल म्हणजे प्रीमियर हॉकी लीग. २०२३ मध्ये पीएचएल म्हणजे प्रीमियर हँडबॉल लीग, आणि तिचं पहिलं विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेन या संघानं जिंकलं. जुन्या बातम्या शोधताना दोन्ही एकत्र येतात, तेव्हा वर्ष बघायचं.

आणि आयसीएल आठवते का? इंडियन क्रिकेट लीग, २००७. नावात देश, खेळ आणि लीग, काहीच कमी नव्हतं. झी समूहाचा पैसा होता, कपिल देव सोबत होते, नामवंत परदेशी खेळाडू होते. नव्हती ती एकच गोष्ट: भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची मान्यता. तिथे खेळलेल्यांना मंडळानं दारं बंद केली, आणि पुढे माफीची मुदत जाहीर झाली तेव्हा बरेच जण परत आले. पुढच्याच वर्षी आलेल्या आयपीएलच्या नावात तर क्रिकेट हा शब्दसुद्धा नाही. पण तिच्या मागे मंडळ होतं. नाव पूर्ण असलेली लीग बुडाली आणि नाव अपुरं असलेली तरली.

'महाराष्ट्र' म्हणजे किती महाराष्ट्र?

आपल्या राज्यात या गोंधळाला आणखी एक पदर आहे. क्रिकेटमध्ये आपल्या राज्याच्या तीन संघटना आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मराठवाडा येतो महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत, जिचं मुख्य ठाणं पुण्याजवळ गहुंजेला. त्यामुळे महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पहिल्या मोसमात पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर यांच्या जोडीला आपल्याकडचा छत्रपती संभाजी किंग्ज होता, पण मुंबई आणि नागपूर नव्हतं. मुंबईची २०१८ पासून स्वतःची ट्वेंटी-ट्वेंटी लीग आहे, विदर्भानं २०२५ मध्ये आपली काढली. नांदेडचा मुलगा आणि त्याचा शेजारच्या यवतमाळचा मामेभाऊ, दोघंही महाराष्ट्राचे, पण क्रिकेटच्या हिशेबात दोन वेगळ्या संघटनांचे. फुटबॉलमध्ये मात्र अख्ख्या राज्याला एकच संघटना. नावातला 'महाराष्ट्र' प्रत्येक खेळात वेगळा नकाशा दाखवतो.

संघांची नावंही अशीच फिरतात. गुजरात जायंट्स या नावाचा संघ प्रो कबड्डीत आहे, अल्टिमेट खो-खोमध्ये होता, आणि महिलांच्या क्रिकेट लीगमध्येही आहे. तिन्हींमागे एकच उद्योगसमूह, म्हणून नाव एक. म्हणजे 'गुजरात जायंट्स जिंकले' एवढ्यावर कुठला खेळ तेही कळत नाही. अल्टिमेट खो-खोचं मी आवर्जून सांगतो: २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत तिची सुरुवात झाली, आणि तिनं प्रीमियर, सुपर, प्रो यातलं काहीही न घेता खेळाचंच नाव पुढे केलं. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या खेळाला स्वतःच्या नावाची लाज वाटायचं कारणच नाही.

फॉर्म हातात आला की

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. जिंतूर तालुक्यातले एक गृहस्थ मागच्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन माझ्याकडे आले. शेती कोरडवाहू, मुलगा चढाईत चपळ, पाय लांब. खिशातून चार घड्या घातलेला छापील कागद काढला. वर तिरंग्याच्या तीन पट्ट्या, मोठ्या अक्षरांत 'नॅशनल' आणि 'लीग' हे शब्द, मध्ये एका कबड्डीपटूचं टीव्हीवरून उचललेलं चित्र. खाली निवड चाचणीची तारीख, फी भरायचा क्यूआर कोड आणि एक मोबाईल नंबर. "सर, लेकराचं नाव नॅशनलला आलंय म्हणत्यात. पाच हजार भरू का?"

मी कागद उलटून पाहिला. कुठल्या संघटनेशी संलग्न, याचा उल्लेख नाही. पत्ता नाही. वयोगट किशोर की कुमार, ते नाही; वजनाची अट नाही. कबड्डीत वयोगटाला वजनाची मर्यादा असते, आणि चाचणी घेणारा ती लिहायला विसरत नाही. स्पर्धा कुठे होणार, जिंकलेला संघ पुढे कुठे जाणार, काही नाही. मी त्या नंबरवर फोन लावला आणि एवढंच विचारलं की जिल्हा संघटनेचं पत्र आहे का. समोरचा म्हणाला, "आमची डायरेक्ट नॅशनल आहे."

डायरेक्ट नॅशनल असं काही नसतं. कबड्डीत शालेय वाटेनं तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. संघटनेच्या वाटेनं जिल्ह्याची निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद, मग राज्याच्या संघात निवड झाली तर राष्ट्रीय. दोन्ही वाटांवर चाचणीला नाममात्र नोंदणी शुल्क असू शकतं, हजारो रुपये नसतात. फ्रँचायझी लीगवाले खेळाडू शोधतात ते याच वाटांवरून, आणि ते खेळाडूला पैसे देतात, त्याच्याकडून घेत नाहीत.

सगळ्याच खासगी लीग वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. कितीतरी प्रामाणिक माणसं पदरमोड करून स्पर्धा घेतात, पोरांना बूट देतात. त्यांच्याकडे जरूर खेळावं. पण ती स्पर्धा खेळण्यासाठी आहे, प्रमाणपत्रासाठी नाही, हे आधी ठाऊक असावं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि तिथे स्पर्धा कुठल्या मान्यताप्राप्त संघटनेची होती, हे बघतात. 'नॅशनल', 'इंडिया', 'प्रीमियर' हे शब्द किती मोठ्या टाइपात छापलेत, ते कुणी बघत नाही. संघटनांच्या मान्यतेसाठी २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळाची तरतूदही झाली आहे, म्हणजे मान्यता कुणाला आहे हा प्रश्न इथून पुढे जास्तच महत्त्वाचा ठरणार.

म्हणून कागद हाती आला की लीगचं नाव बोटानं झाका आणि उरलेलं वाचा. कुठला खेळ? घेणारी संस्था कोण, आणि ती कुठल्या संघटनेला जोडलेली? ही लीग कितव्या पायरीवर, आणि हिच्या वर-खाली काही आहे का? पैसा कुणाकडून कुणाकडे जातोय? उत्तरं कागदावर नसतील तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. ते प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. अर्जाची छायाप्रत द्या आणि ही स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, ते लेखी विचारा. जिंतूरच्या त्या गृहस्थांनी पाच हजार भरले नाहीत. त्यातल्या काही पैशांतून मुलाला चांगले बूट आणि गुडघ्याचे पॅड घेतले, आणि पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या कुमार गटाच्या चाचणीला त्याचं नाव नोंदवलं.